खिडकीतली चादर

थोरलीनं आयुष्यात इतके डाग काढले की मोजायला बसलं तर दुसरा जन्म घ्यावा लागेल. त्यातला एक डाग काढायला नको होता, आणि नेमका तोच सगळ्यात स्वच्छ निघाला. त्याला आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

संग्रहालयाचा फोन आला तेव्हा ती गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. वय सत्त्याहत्तर, गुडघे रुसलेले, घरात कपडे धुवायचं यंत्र, तरी टॉवेल हातानंच धुणार. लेक ओरडायची. थोरलीचं उत्तर ठरलेलं, "यंत्राला डोळे असतात का? डागाला आधी डोळे लागतात, साबण मागाहून."

"आपण त्यांच्या मोठ्या जाऊबाई ना?" फोनवरची बाई फार गोड बोलत होती. इतकं गोड बोलणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, हे तीस वर्षं लॉन्ड्रीतली गिऱ्हाइकं सांभाळलेल्या थोरलीला ठाऊक होतं. "शनिवारी त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. निमंत्रण पोचलंच असेल."

पोचलं होतं. पंधरा दिवस घड्याळाच्या मागे खोचलेलं होतं, आणि शनिवारी आपले गुडघे दुखणार हे थोरलीनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. सिंहावलोकन म्हणे! झुरळ दिसलं की खुर्चीवर चढून 'ताई, ताई' ओरडणारी आमची धाकटी, मेल्यावर तिचा सिंह केला या लोकांनी. ती जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची पन्नास वर्षांची चित्रं एका छताखाली मांडणार होते, परदेशातून लोक येणार होते, आणि पेपरात रोज काहीतरी छापून येत होतं. थोरली पेपर घडी घालून कपाटाखाली ठेवून देई.

"एक अडचण आलीय," बाई म्हणाली. "त्यांच्या सामानात एक पांढरी चादर आहे. चौकटीवर ताणलेली. मागच्या बाजूला वर्ष घातलंय आणि कोपऱ्यात तुमच्या लॉन्ड्रीची खूण आहे. तिच्यावर डाग पडलाय. आमचे तज्ज्ञ तो काढणार आहेत, पण ती चादर पूर्वी कशानं धुतली होती ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणतात. त्या लॉन्ड्रीतलं तुमच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही."

"वर्ष कुठलं घातलंय?" थोरलीनं विचारलं. बाईनं सांगितलं. थोरलीच्या हातातला चिमटा खाली रस्त्यावर पडला.

"येते," ती म्हणाली.

त्या लॉन्ड्रीची मालकी दोघा भावांची, पण ती चालवली दोघी जावांनी. खाली लॉन्ड्री, वर घर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अंगरखे, खानावळींचे टेबलक्लॉथ असा सगळा ढिगारा खाली उतरायचा. आलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात कधीही न जाणाऱ्या शाईनं गिऱ्हाइकाची खूण घालायची, हे काम धाकटीचं. डाग काढायचं टेबल थोरलीचं. ते टेबल तिला सासूकडून मिळालं होतं, आणि सासू काही साधीसुधी बाई नव्हती. रक्ताला गार पाणी आणि मीठ, गरम पाणी लावलंस तर जन्माचा बसेल. गंजाला लिंबूसत्त्व. चहाला दम धर. तेलाला खडूची पूड. सुनेला सासू एवढं शिकवून गेली आणि वर एक गोष्ट बजावून गेली. धुतलेलं कापड उन्हात फार दिवस ठेवू नकोस, जुना डाग वर येतो. कापड विसरत नाही, नुसतं गप्प बसतं.

धाकटी घरात आली तेव्हा तिला धड भाकरीएवढं काही गोल करता येत नव्हतं, पण कोळशाच्या एका तुकड्यानं ती भिंतीवर अख्खा बाजार उभा करी. कॅनव्हास घ्यायची ऐपत नव्हती. मग वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेल्या चादरी तिनं मागून घेतल्या. "घे की, नाहीतरी उंदीर खाणार," थोरली म्हणाली. एवढंच नाही, दुपारी दोन ते चार खुणा घालायचं धाकटीचं कामही ती स्वतःच्या अंगावर घेई, म्हणजे धाकटीला माळ्यावरच्या खोलीत जाता येई. शेजारीपाजारी कुजबुजायचे, थोरलीनं जावेला डोक्यावर बसवून ठेवलंय. थोरली म्हणायची, माझं डोकं आहे, मी दगड ठेवीन नाहीतर जाऊ. त्या वर्षांत त्या दोघींमध्ये जे होतं ते सख्ख्या बहिणींत सापडायचं नाही.

मग धाकटीला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात एका सकाळी सगळं संपलं. थोरली खाली टेबलापाशी होती. वर धावत पोचेपर्यंत सुईण कापडात काहीतरी गुंडाळून मागच्या जिन्यानं गेलीसुद्धा होती. मुलगा होता की मुलगी, कुठे नेलं, हे बायकांना कुणी सांगितलं नाही. धाकटीनं बाळाचा चेहरा पाहिला नाही. नाव ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. घरातली मोठी माणसं म्हणाली, पुन्हा होईल. पुन्हा झालं नाही.

दोन महिन्यांनी घरचे कपडे गोळा करताना थोरलीला माळ्यावरच्या ट्रंकेमागे ती चादर सापडली. गुंडाळून, खुपसून ठेवलेली. उघडली तर मधोमध तो वाळून काळपट झालेला मोठा डाग, आणि त्याच्या कडेकडेनं तपकिरी, नारिंगी ओघळ. थोरलीनं ती पुन्हा गुंडाळून पदराखाली घेतली. बिचारीला धुवायला टाकवली नाही, दाखववली नाही, म्हणून लपवून ठेवलीय. वर चहा सांडलाय, ट्रंकेचा गंज लागलाय. तिला पुन्हा बघायला लागू नये, आपणच गुपचूप करून टाकावं. थोरलीनं त्या दिवशी दुसरं एकही कापड हातात घेतलं नाही. मिठाच्या गार पाण्यात सहा वेळा. मग लिंबूसत्त्व. मग सोडा, मग नीळ, मग हलकी खळ. ते डाग सहजी निघणारे नव्हते, पण थोरलीही सहजी सोडणारी नव्हती. चौथ्या प्रहरी इस्त्री करून, आठ घड्या घालून तिनं चादर धाकटीच्या पलंगावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला शाबासकी नको होती. जावेच्या मनावरचा एक दगड उतरलेला बघायचा होता.

धाकटी आली. घडी उघडली. दोन्ही हातांनी चादर उजेडासमोर धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग पुन्हा त्याच आठ घड्या घातल्या.

"छान निघालंय, ताई," ती म्हणाली.

दिवे लागताना धाकटा दीर खाली आला आणि टेबलाच्या कडेला बोट घासत म्हणाला, "वहिनी, ते चित्र होतं." डागाच्या कडेनं दोन महिने रोज दुपारी धाकटी चहानं आणि गंजाच्या पाण्यानं काढत होती. पाठ, मान, दुमडलेले पाय. न पाहिलेलं बाळ तिनं त्या डागातून शोधून काढलं होतं. तिच्याकडे त्याचं दुसरं काही नव्हतं.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं लोक पटकन म्हणून मोकळे होतात. थोरलीला मोकळं होता आलं नाही. धाकटीनं एका शब्दानं दोष दिला नाही, तोंडातून ब्र काढला नाही, आणि तेच थोरलीला जड गेलं. भांडली असती तर पाय धरता आले असते. दोन वर्षं तिनं ब्रश हातात घेतला नाही. मग नवराबायको दुसऱ्या गावी राहायला गेली आणि तिकडे धाकटीनं चादरींवर डागांची चित्रं सुरू केली, ज्यांनी पुढे तिचं नाव झालं. लग्नाकार्यात दोघी भेटत. 'बरी आहेस ना', 'तुमचे गुडघे कसे आहेत', सगळं नीट. आणि दर भेटीत निघताना धाकटी एकच गोष्ट म्हणे, "ताई, एकदा घरी या ना. माझी कामाची खोली बघायला या. खिडकीत एक गंमत आहे." थोरली हो हो म्हणे. एवढ्या वर्षांत ती एकदाही गेली नाही. प्रवास, पाऊस, गुडघे, नातवाचं पोट दुखतं. कारणांना काय तोटा? शेवटी थोरली तिला भेटायला दवाखान्यात गेली तेव्हाही धाकटी, अंगात त्राण नसताना, तिचा हात धरून म्हणाली, "आता तरी जाऊन या, ताई. किल्ली शेजारी आहे." थोरली तिथूनच परत आली. त्या खोलीच्या भिंतींवर आपला गुन्हा टांगलेला असेल असं तिला वाटायचं.

संग्रहालयात लेक बरोबर आली. लेक शाळेत भूगोल शिकवायची आणि आईच्या प्रत्येक वाक्याचा नकाशा काढायची तिला सवय होती. "फक्त एका चादरीसाठी तुला बोलावलं?" टॅक्सीत तिनं तीनदा विचारलं. तिला काही माहीत नव्हतं. त्या वर्षी ती पाच वर्षांची होती आणि काकूला बरं नाही एवढंच तिला सांगितलं गेलं होतं.

आत उद्घाटनाची घाई चालली होती. शिड्या, रिकामी खोकी, फरशीवर पसरलेला फोम, पांढरे हातमोजे घातलेली माणसं भिंतीला फूटपट्टी लावून एकमेकांवर खेकसत होती. फोनवरची बाई समोर आली. तिच्या नाकावर एक चष्मा होता आणि डोक्यावर दुसरा. थोरलीनं मनातल्या मनात तिचं नाव दोन चष्मेवाली ठेवून टाकलं. या सगळ्या प्रदर्शनाची मांडणी तिची. जाडजूड पुस्तकही तिनंच लिहिलं होतं आणि ते ती मूल घेतल्यासारखं काखेत धरून होती.

दालनामागून दालन. थोरली चालता चालता थांबायला लागली, कारण भिंतीवर तिला कलाकृती दिसेनात, गिऱ्हाइकं दिसायला लागली. ही स्टेशनसमोरच्या हॉटेलची चादर, तीन टिंबांची खूण. हा डोळ्यांच्या दवाखान्याचा पडदा. त्यांचा मुकादम महाखडूस.

"इथे त्यांनी मातीचा आदिम रंग वापरलाय," दोन चष्मेवाली म्हणाली.

"माती कुठली? टाकी साफ करायचं जांभळं औषध आहे ते, वाळून तपकिरी झालंय," थोरली म्हणाली. "लिंबूसत्त्वानं पाच मिनिटांत जाईल."

बाईनं चित्र आणि थोरली यांच्या मधोमध येऊन उभं राहायची दक्षता घेतली. लेकीला हसू आवरेना. थोरलीलाही क्षणभर बरं वाटलं. एका भिंतीवर धाकटीच्या आयुष्याची सनावळी रंगवली होती आणि तिच्यात दोन वर्षांची मोकळी जागा सोडून लिहिलं होतं, 'मौनाचा काळ'. थोरलीचं हसू तिथं संपलं.

शेवटची खोली लहान होती. तिच्यात एकच चित्र. खोलीला खिडकी होती, पण तिच्यावर जाड पडदा ओढलेला. चादर चौकटीतून काढून एका लांब टेबलावर पसरली होती आणि तिच्यावर वाकून एक किडकिडीत गृहस्थ भिंगातून बघत होता. हा कापडाचा डॉक्टर. त्याच्या हाताचा वेग बघून थोरलीला तो आवडला. कापडाला हळू हात लावणारी माणसं हल्ली कुठे मिळतात?

"हे त्यांचं सगळ्यात धाडसी काम," दोन चष्मेवाली हलक्या आवाजात म्हणाली. "संपूर्ण पांढरं. सगळं पुसून टाकून, शून्यापासून सुरुवात. त्या वेळी इथं असं कुणीही केलं नव्हतं. पुस्तकातला माझा मुख्य लेख याच्यावर आहे."

"दुर्दैवानं त्यांनी ते जपलं नाही," डॉक्टर म्हणाला. "कामाच्या खोलीतल्या दक्षिणेच्या खिडकीत टांगलं होतं, इतकी वर्षं. आम्हाला वाटलं पडदाच आहे. उन्हानं डाग उमटलेत. तुम्ही कशानं धुतली होती ते सांगितलंत तर मला नेमकं औषध ठरवता येईल. शनिवारपर्यंत मूळचा पांढरा रंग परत आणू."

थोरली टेबलापाशी गेली. लेकीनं कोपर धरलं होतं, ते तिनं सोडवलं.

आधी तिला काही दिसलं नाही. म्हातारे डोळे आणि वरून मारलेला तो मेला पांढरा दिवा. "दिवा घालवा," ती म्हणाली. "पडदा उघडा." डॉक्टर कां कूं करायला लागला, उजेड कापडाला वाईट वगैरे. "पडदा उघडा म्हणते ना," थोरली म्हणाली, आणि तिच्या आवाजात सासूचं काहीतरी आलं असावं, कारण डॉक्टरनं निमूट पडदा सारला.

अकराचं ऊन टेबलावर आडवं पडलं. आणि मग दिसलं. पातळ चहासारखी पिवळी रेघ. पाठीची. तिच्यावर मान. खाली दोन पाय, गुडघ्यात दुमडलेले, पोटाशी घेतलेले. मधे जिथं तो मोठा डाग होता तिथं अंगाचा सगळा फिकट बदामी रंग, कडेला जरा गडद. हातभर लांबीचं. अजून चेहरा आला नव्हता.

थोरली टेबलाची कडा धरून उभी राहिली. धाकटीनं आयुष्यभर बोलावलं होतं ते गुन्हा दाखवायला नव्हे. खुणा घालणारी धाकटीसुद्धा त्याच लॉन्ड्रीतली, त्याच सासूच्या हाताखालची. जुना डाग उन्हात वर येतो हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं ती चादर ताणली आणि दक्षिणेच्या खिडकीत टांगली. मरेपर्यंत ती वाट बघत बसली, आणि बाळ यायला लागल्यावर ते बघायला तिनं बोलावलं कुणाला, तर तिच्या ताईला. आणि ताईचे गुडघे दुखत होते.

"आजी?" डॉक्टर म्हणाला. "काय वाटतं? निघेल?"

निघेल. त्याच्यापेक्षा चांगलं थोरलीला माहीत होतं. तेव्हा मीठ आणि लिंबूसत्त्वानं वरवरचं गेलं होतं, आता नवी औषधं आहेत, तासाभरात मुळापासून जाईल आणि पुन्हा कधीच वर येणार नाही. नुसतं 'लिंबूसत्त्व' एवढा शब्द बोलायचा अवकाश. पुस्तकातला लेख खरा ठरेल, मौनाचा काळ मौनात राहील, आणि थोरली हे नाव कुठंही कुणाच्या तोंडी येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीसमोर, परक्यांसमोर, छापील पुस्तकासमोर तोंड उघडायची तिला काही गरज नव्हती. तिला त्या वेळी भीती वाटली, खरीखुरी.

"नका धुऊ," ती म्हणाली. "मी एकदा धुतलीय, तेवढं पुरे झालं."

"म्हणजे?" दोन चष्मेवालीनं विचारलं.

थोरलीनं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, खुर्ची दिली ती नको म्हणाली. सुईण, मागचा जिना, ट्रंकेमागची चादर, सहा वेळा मिठाचं पाणी. "मला वाटलं तिचं दुःख धुतेय," ती म्हणाली. "मी तिचं लेकरू धुऊन टाकलं. दिवसभर राबून. आणि वर इस्त्री केली." मग ती चादरीवर बोट फिरवू लागली, कापडाला न लावता, वितभर वरून. "ही पाठ. हे पाय. तपकिरी रेघ चहाची, ही नारिंगी गंजाची. आणि हे मधलं रक्त. हे सगळं तिनं काढलेलं आहे. तुम्ही ज्याला डाग म्हणता ते चित्र आहे, आणि ज्याला चित्र म्हणता ती माझी धुलाई."

डॉक्टरनं भिंग उचललं, मानेपासून पायापर्यंत हळूहळू नेलं आणि खाली ठेवलं. "रेघ हातानंच काढलेली आहे," तो म्हणाला. "ब्रश उचललेला दिसतोय इथं. मी हे डाग आहेत असं धरूनच बघत होतो."

दोन चष्मेवालीनं पुस्तक टेबलावर ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. "आजी, पुस्तकाच्या दोन हजार प्रती छापून झाल्यात," ती म्हणाली. "शिवाय त्यांनी ती पांढरीच ताणली ना? पांढरी असताना मागे वर्ष घातलं. म्हणजे पांढरं त्यांना मान्य होतं."

"तिला वाट बघणं मान्य होतं," थोरली म्हणाली. "तुम्ही हुशार आहात, पुष्कळ शिकला आहात, तुमचा लेखही चांगला असेल. पण बाई, तुम्ही शनिवारी ही पांढरी करून टांगलीत तर त्या पोराला दुसऱ्यांदा घालवाल. मी निदान अजाणतेपणी केलं."

बाईनं नाकावरचा चष्मा काढला आणि डोक्यावरचा दुसरा खाली ओढून घातला. मग वाकून, पहिल्यांदाच, खिडकीच्या उजेडात चादरीकडे पाहिलं. तिची नजर पाठीच्या रेघेवरून गेली, पायांपाशी थांबली. बराच वेळ ती सरळ झाली नाही.

"पाटी बदलावी लागेल," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यासारखा गोड राहिला नव्हता, आणि थोरलीला तो जास्त बरा वाटला. "माध्यम काय लिहू?"

"चादर. रक्त, चहा, गंजाचं पाणी." थोरलीनं खिडकीकडे पाहिलं. "आणि ऊन लिहा. सगळ्यात जास्त काम त्यानंच केलंय."

"धुतल्याचं लिहायचं?"

लेक पटकन म्हणाली, "आई, त्याची काही गरज नाहीये." तिचे डोळे भरले होते आणि तिनं आईचं कोपर पुन्हा धरलं होतं.

"लिहा," थोरली म्हणाली. "धुतली थोरल्या जावेनं. लोकांना कळू दे. आणि हा पडदा काढून टाका."

त्याच्यावर मात्र डॉक्टर अडून बसला. ऊन लागलं की कापड विरतं, वीस वर्षांत चिंध्या होतील, हे त्यानं दोनदा समजावलं. खोटं नव्हतं ते. थोरलीलाही ते त्याच्याआधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "चेहरा यायचाय अजून. चेहरा आला की पडदा ओढा, मग हजार वर्षं अंधारात ठेवा." शेवटी तडजोड झाली. प्रदर्शन चालू असेपर्यंत रोज सकाळी अकरा ते बारा पडदा उघडायचा, एरवी बंद.

शनिवारी भाषणं झाली. थोरली मागच्या रांगेत बसली आणि कुणी तिचं नाव घेतलं नाही, जे तिनंच बजावून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पावणेअकराला यायला लागली. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. तिनं त्यांचं ऐकून घेणं सोडलं होतं. पहारेकरी खुर्ची आणून द्यायचा, पडदा सरकवायचा आणि दाराशी जाऊन उभा राहायचा. थोरली हात मांडीवर ठेवून तासभर बसायची. कधी धाकटीशी बोलायची, ओठ न हलवता. उशीर झाला ग, म्हणायची. आले बघ.

तिसऱ्या आठवड्यात एक तरुण बाई आत आली, कडेवर झोपलेलं मूल. चादरीसमोर उभी राहिली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, पाटी न वाचताच निघाली आणि दारापाशी थोरलीला पाहून थांबली.

"इथे काय आहे हो?" तिनं विचारलं. "मला तर काहीच दिसत नाही."

थोरलीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिला जागा करून दिली.

"बसा जरा," ती म्हणाली. "आमच्या धाकटीचं बाळ आहे. माझ्याच हातून एकदा गेलंय ते, म्हणून यायला वेळ लावतंय."